नागनाथअण्णांचा जोड

आमच्या कॉलनीत कुणी नवं राहायला आलं की सामान लागायच्या आत एक प्रश्न येतोच, "सर, इथं बरा प्लंबर कोण?" दूधवाला, पेपरवाला, धुण्याभांड्याची बाई यांची चौकशी नंतर. धाराशिवात नळाला आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा पाणी येतं, आणि नेमकी त्या दिवशी तोटी अडून बसली तर घरातल्या माणसांची तोंडं बघवत नाहीत. हा प्रश्न आला की माझ्या तोंडून अजूनही पटकन नाव निघतं, "नागनाथअण्णा." मग आठवतं की अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी दुसऱ्या कुणाचा तरी नंबर देतो. माणूस कामाला वाईट नसतो, पण नंबर देताना माझा आवाज उगीचच बारीक होतो.

अण्णांची आणि माझी पहिली गाठ घर बांधताना पडली. मी गणिताचा मास्तर. कुठल्याही कामाआधी कागदावर मुद्दे काढायची मला खोड. प्लंबर ठरवायचा म्हणून चार नातेवाइकांना फोन करून मी प्रश्नांची यादीच केली होती. काम किती दिवसांत होणार? सामान कुणी आणायचं? मजुरी दिवसावर की कामावर? फोडलेली भिंत कोण बुजवणार? आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून, गॅरंटी किती?

समोर उभा असलेला माणूस साठीच्या अलीकडचा, काटक, पायजम्याचे पाय दुमडलेला, डोक्यावर टोपी आणि कानामागं सुताराची असते तशी जाड पेन्सिल. लुनाला आडव्या बांधलेल्या पाईपा फाटकाबाहेर अर्ध्या रस्त्यात आलेल्या. त्यांनी माझी यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली. प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं. गॅरंटीवर मात्र नुसते हसले आणि म्हणाले, "झालं का सर? आता म्या इचारू?"

"विचारा की."

"घरात सकाळी पयली तोटी कोण सोडतं?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "ही. शोभा, माझी बायको. पण त्याचा काय संबंध?"

"मग तुमी जरा बाहेर बसा. ताईसंगं बोलू द्या."

माझ्याच घरातून मला बाहेर काढून अण्णांनी शोभाला घागर आणायला लावली. मग हंडा, मग भाजी धुवायची चाळणी. नळ नाहीत, ओटा कच्चा, आणि ही बाई सिमेंटच्या धुळीत पाट टाकून खोटीखोटी भांडी घासतेय, घागर लावतेय, उचलतेय. अण्णा गुडघ्यावर बसून भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करतायत. मी खिडकीतून डोकावून म्हणालो, "अहो, इंजिनिअरनं प्लॅनमध्ये उंची दिलीय."

"प्लॅन काढताना इंजिनिअरनं घागर उचलली हुती का?" अण्णा वळूनसुद्धा न बघता म्हणाले.

आज आमच्या घरी येणारी प्रत्येक बाई शोभाला विचारते की तुमचा नळ इतका सोयीचा कसा. घागर सरळ खाली बसते, ना वाकावं लागतं ना कड आपटते. शोभा माझ्याकडं बघत सांगते, "ह्यांना बाहेर बसवलं होतं म्हणून."

अण्णांची ही कामाची रीतच होती. ज्याच्या हाताला पाणी लागतं त्याच्याशी बोलायचं, घराच्या मालकाशी नाही. मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे, घर मेंढरांमागं फिरणारं. शाळा चौथीत सुटली. पुढं कुठल्यातरी पाइपलाइनच्या कामावर चर खणायला गेले आणि खणता खणता जोडायला शिकले. लहानपणी मेंढरं पाण्यावर नेताना बघायची सवय लागली, कोणतं जनावर आधी तोंड घालतं आणि कोणतं मागं राहतं. "माणसांच्या घरात बी तेच आसतंय," ते म्हणायचे. "मागं राहतंय त्याला इचारायचं."

दुसरी सवय पेन्सिलीची. भिंत बुजवण्याआधी ते स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला सगळ्या पाईपांचा नकाशा काढायचे. जिथं जोड तिथं फुली. किती वीत वर, किती वीत आत. रंगारी दारावर ब्रश फिरवायला लागला तर अण्णांच्या गिऱ्हाइकांच्या बायका त्याच्या अंगावर धावून जायच्या. आमच्या दाराचा तेवढा चौकोन अजून बिनरंगाचा आहे.

आता वाटेल की हा माणूस कधी चुकतच नव्हता. तसं मुळीच नाही. घरात राहायला आलो त्याच महिन्यात शोभाची डाळ शिजेना. पाच शिट्ट्या झाल्या, आठ झाल्या, तूरडाळ आपली खड्यासारखी कडक. आधी कुकरचं रबर बदललं. मग तिनं कोपऱ्यावरच्या गणपतशेठच्या दुकानात डाळ परत नेऊन दिली. त्यानं दुसरी दिली, तीही तशीच. तिसऱ्या वेळी दुकानात चांगलीच वादावादी झाली. गणपतशेठ म्हणाला, "वहिनी, तीस वर्षं दुकान करायलोय, डाळ माझी खराब न्हाय." शोभा म्हणाली, मग काय माझा हात खराब आहे? दोघांचं बोलणं बंद. ती दूरच्या दुकानात जाऊ लागली. तिथली डाळही शिजेना, पण आता हे कबूल करायचीही पंचाईत झाली.

दोनतीन आठवड्यांनी अण्णा एका तोटीचं वायसर बदलायला आले. शोभा आपलं डाळपुराण सांगत होती. अण्णांनी हातातलं काम थांबवलं, तांब्याभर पाणी स्वयंपाकघरातल्या नळाचं घेतलं, घोट तोंडात घोळवला आणि तांब्या ओट्यावर ठेवून दिला.

"ताई, डाळ गुणाची हाय. म्याच येडा हाय."

झालं होतं असं की गच्चीवर दोन टाक्या. एकीत नळाचं गोडं पाणी, दुसरीत बोअरचं जड, खारं पाणी. अण्णांनी खाली येणाऱ्या लाईनी उलट्या जोडल्या होत्या. पिण्याचं पाणी आम्ही फाटकापाशी वेगळं भरायचो म्हणून कुणाच्या जिभेला कळलं नाही. आठ दिवसांनी येणारं, डोळ्यांत तेल घालून साठवलेलं गोडं पाणी आमच्या संडासात चाललं होतं, आणि डाळ बिचारी बोअरच्या पाण्यात डोकं आपटत होती.

अण्णांनी तासाभरात लाईनी बदलल्या. मजुरीचं नावसुद्धा काढू दिलं नाही. मग हात धुतले, टोपी नीट केली आणि शोभाला म्हणाले, "चला माझ्यासंगं." गणपतशेठच्या दुकानात संध्याकाळची गर्दी. अण्णा पायरीवर उभे राहिले आणि चारचौघांना ऐकू जाईल असं बोलले, "शेठ, डाळ चांगली हुती. ताईंचा हात बी चांगला हाय. लाईन म्या उलटी जोडली." दुकानात हशा पिकला. अण्णाही हसले. त्यांना त्यात अपमान वाटलाच नाही.

म्हणूनच पुढची गोष्ट मला आधी नीट कळली नव्हती. पाईपांचं सामान विकणाऱ्या दुकानापुढं सकाळी सगळे मिस्त्री जमतात, तिथं मी एकदा काही आणायला गेलो होतो. एक गिऱ्हाईक अण्णांना खोदून खोदून विचारत होतं, गॅरंटी किती वर्षांची, लिहून देणार का. अण्णा म्हणाले, "लिहून काय करताव? माझ्या हातचा जोड गळला तर त्याच दिशी पाना खाली ठेवीन. परत उचलणार न्हाय." तिथले बाकीचे मिस्त्री हसले नाहीत. त्यांना हे माहीत होतं.

मी चेष्टेनं म्हटलं, "अण्णा, लाईन उलटी झाली तेव्हा कुठं पाना ठेवला?"

"ती डोक्याची चूक हुती सर. डोकं माझं कच्चंच हाय, चुकायचंच. जोड हाताचा हाय." एवढं बोलून ते लुनाकडं वळले. आता त्यात चेष्टा नव्हती.

आणि त्यांचा तो हात खोटा पाडायचं काम माझ्या हातून झालं.

मोटरीपासून गच्चीवरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत जाणारी आमची पाईप बदलायची होती. ती स्वयंपाकघराच्या भिंतीतून वर जाते. अण्णांनी दुपारी बाराला शेवटचा जोड केला आणि जाताना बजावलं, "सर, जोड वाळायला एक दिवस एक रात द्या. उद्या सकाळपातुर मोटर लावायची न्हाय. मधीच पाणी आलं तर फाटकापाशी तोटी हाय, बादल्या भरा. लईच नड आली तर मला हाक मारा." शोभानं मान हलवली. मीही हलवली.

चारच्या सुमाराला गल्लीत ओरडा झाला, "पाणी यायलंय!" आमची पाळी दोन दिवस लांब होती. कामासाठी टाकी पार मोकळी केलेली. घरोघरी मोटरी सुरू झाल्या, बायका पळायला लागल्या. आम्ही दोघांनी बादल्या भरल्या, पिंप भरलं, पातेली, परात, शेवटी इडलीपात्रसुद्धा भरलं. टाकी कोरडी ती कोरडीच. आता पुढचं पाणी आठवड्यानं. धार बारीक व्हायला लागली. मी जोडाकडं बघितलं, बोट लावलं. कडक लागला. माझ्यातल्या गणिताच्या मास्तरानं हिशेब मांडला, चार तास झालेच आहेत, असा काय फरक पडतो. शोभा म्हणाली, "अण्णांना फोन करा." मी म्हटलं, "ते येईपर्यंत पाणी जाईल," आणि मोटरीचं बटण दाबलं.

पाऊण तासात टाकी भरली. एक थेंब गळला नाही. मी विजयी मुद्रेनं शोभाकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. दारातूनच विचारलं, "काल पाणी आलतं म्हणं. मोटर लावली न्हाय ना सर?"

"नाही," मी म्हणालो.

इतकं सोपं गेलं ते. अण्णांनी टाकीत डोकावून बघितलं नाही, दुसरा प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "मग काळजी न्हाय," आणि भिंत बुजवून गेले. स्वयंपाकघरात शोभा भांडी जरा जास्तच आपटत होती.

चार महिने सगळं ठीक. मग ओट्यामागं भिंतीला ओल दिसली. आठ दिवसांत पोपडे आले आणि कोपऱ्यात केसाएवढी चीर पडली. आमच्याकडची काळी माती, खाली पाणी मुरलं की फुगते आणि घर उचलते. मी घाबरून अण्णांना बोलावलं. त्यांनी दारावरचा नकाशा बघितला, वीत लावली आणि नेमकी तिथंच भिंत फोडली. जोडाच्या कडेला एक थेंब जमत होता, पडत होता, दुसरा जमत होता.

अण्णांनी उकिडवं बसून तो थेंब बोटावर घेतला. "माझाच जोड हाय," ते म्हणाले. मग कॉक बंद केला, पाना फडक्यानं पुसला, पिशवीत घातला. "सर, आता दुसरा माणूस बघा."

लुना सुरू झाल्याचा आवाज आला आणि गेला. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि तरीही मी जागचा हललो नाही.

अण्णांनी पाना ठेवला ही गोष्ट सगळीकडं व्हायला दोन दिवस पुरले. जुनी गिऱ्हाइकं त्यांच्या घरी जाऊन आली. अण्णा कुणालाही एकच सांगायचे, "हातानं दगा दिला. आता न्हाय." लोक हळहळले आणि मग जसे लोक बोलतात तसे बोलायला लागले. वय झालं अण्णांचं. नजर कमी आली असंल. मागं आमच्याकडंही काम केलंय, बघायला पाहिजे एकदा भिंत. हे शेवटचं वाक्य मी आमच्याच फाटकाशी, शेजारच्या सुमनवहिनींच्या तोंडून ऐकलं.

घरात आम्ही बादल्यांनी पाणी वर नेत होतो. मी दुसऱ्या प्लंबरला बोलवायचं म्हटलं तर शोभानं भिंतीच्या भोकापुढं पाट टाकला आणि त्यावर बसली. "इथं दुसरा माणूस हात लावणार नाही. अण्णांकडं तुम्ही जाताय का मी जाऊ?"

आठव्या दिवशी मी गेलो. स्टेशनच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर. अण्णा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी खाली बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. अण्णांचा हात शेंगेवर थांबला. मला वाटलं, आता उठून बाहेर काढतील.

"किती वाजता लावली मोटर?"

"चारला."

"जोड बाराचा. मंजी चारच तास." ते बोटांवर मोजत होते. "किती येळ चालली?"

"पाऊण तास."

"पाऊण तास?" अण्णांचा चेहरा बघता बघता उजळला. त्यांनी आत हाक मारली, "आगं आईकलं का! चार तासांचा वला जोड, मोटरीचा पाऊण तास दाब, आन वर चार म्हैने टिकला!" आतून त्यांच्या बायकोनं काहीतरी उत्तर दिलं, ते मला कळलं नाही. अण्णा एकटेच मान हलवत होते. "कमाल हाय," असं दोनदा म्हणाले. मी पण कसनुसा हसलो.

तसं त्यांचं हसू गेलं.

"हसू नगा सर. तुमी बटण दाबलं त्याचं मला काय न्हाय. तानेला माणूस दाबतोच. पर मला एक हाक मारली आसती तर बाहेरून काळी नळी टाकून टाकी भरून दिली आसती. तेबी जाऊ द्या. सकाळी म्या इचारलं तवा तुमी न्हाय म्हणलाव." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "आठ दिस झोप न्हाय मला. कुणाकुणाच्या भिंतीत माझं जोड हायत ते मोजायलोय."

मी म्हणालो, "अण्णा, चुकलो. माफ करा."

"उद्या येतो," ते म्हणाले आणि पुन्हा शेंगा फोडायला लागले.

आले. सकाळी सातला नवा जोड करून झाला. मग अण्णांनी पाईपचा कॉक बंद केला, त्याची लोखंडी दांडी पान्यानं काढली, खिशात टाकली आणि म्हणाले, "ही माझ्यापाशी राहू द्या." शोभा खळखळून हसली. मी भिंतीकडं बघत उभा राहिलो. बत्तीस वर्षं मुलांच्या चिठ्ठ्या जप्त करणाऱ्या मास्तराची दांडी जप्त झाली होती, आणि ते अगदी रास्त होतं. दुपारी गल्लीत पाणी आलं. दहा मिनिटांत अण्णा खांद्यावर काळ्या नळीचं वेटोळं घेऊन हजर. मोटरीला नळी लावली, बाहेरून गच्चीवर चढवली, टाकी भरली, नळी गुंडाळली आणि गेले. दांडी खिशातच.

त्यानंतरही अण्णांनी बरीच कामं केली, वर्षभर येताजाता भेटत होते. पण मला ते आठवतात त्या नव्या जोडाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे. फाटकापाशी पाण्यानं भरलेल्या पिंपात त्यांनी मोटरीची नळी सोडली. भिंत अजून उघडीच होती. खिशातून दांडी काढली. मला वाटलं आता बसवतील, तर ती माझ्यापुढं धरली.

"सोडा तुमी."

मी दांडी बसवली, कॉक उघडला, मोटर लावली. अण्णांनी भिंतीच्या भोकात हात घालून तळवा जोडाला लावला आणि डोळे मिटून उभे राहिले. पिंप रिकामं होईपर्यंत. मग हात बाहेर काढून आधी शोभाला दाखवला, मग मला. चुन्यासिमेंटनं पांढरा झालेला, भेगा पडलेला, कोरडा ठणठणीत हात.

लुनाला पिशवी बांधताना सुमनवहिनींनी कंपाउंडवरून हाक मारली, "अण्णा, पाना उचलला म्हणं! आमच्या मोरीचं तेवढं बघा की. आन सरांच्यात काय झालतं वो नेमकं? जोड गळला म्हणत्यात तुमचा."

अण्णा दोरीला गाठ मारत राहिले. उत्तर द्यायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी ते उच्चारलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

गल्लीत चारपाच माणसं होती. पाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. मी फाटकापर्यंत गेलो आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तेवढा आवाज काढून म्हणालो, "वहिनी, जोड गळला तो अण्णांमुळं नाही. त्यांनी बजावलं होतं तरी मी ओल्या जोडावर मोटर लावली. वर त्यांच्याशी खोटंही बोललो."

गप्पा थांबल्या. अण्णांनी मारलेली गाठ सोडली, पिशवीतून पाना काढला आणि मोरी बघायला शेजारच्या फाटकातून आत गेले.